मागची चाकं आणि मुळ्यावरचा दगड

बर्फात चालवायला जुन्या ट्रकला कोणते टायर घालावेत, हा प्रश्न माझ्या वाट्याला यायचं काही कारण नव्हतं. मी चाळीसगावचा. आमच्याकडे टायर उन्हाने फुटतात. आठवीत मी शाळा सोडली. शाळेनेही मला फार धरून ठेवलं नाही. मग मामाच्या पिकअपवर केळी वाहिली, मग हायवेच्या ढाब्यावर तंदूरपाशी उभा राहिलो, आणि त्या तंदूरनेच मला हाताला धरून इथे आणलं. इथे म्हणजे जपानात, नागानोच्या डोंगरात, जिथे रात्री नळाची धार थोडी चालू ठेवली नाही तर सकाळी पाइप फुटलेला असतो.

आणणारे आमचे सर. सर पुण्याचे. टोकियोत फुनाबोरीला राहून बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये होते. एक दिवस त्यांच्या मनात आलं की बास झालं, आणि त्यांनी इथे बर्फावर घसरायच्या डोंगराच्या पायथ्याशी हॉटेल काढलं. लोक दिवसभर मुद्दाम घसरतात आणि संध्याकाळी आमच्याकडे चीज नान खातात. व्हिसापासून गरम बनियनपर्यंत माझं सगळं सरांनी केलं. त्यांचे उपकार आठवायला बसलो तर तंदूर विझून जाईल. तरी मनात कायम धास्ती. गिऱ्हाइकाने ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘जरा ऐका’, म्हणून नुसती हाक मारली तरी मला वाटतं, संपलं, आता घरी पाठवतात. बहुतेक वेळा त्याला पाणी हवं असतं.

राहायला मी आजीकडे. आजी म्हणजे घरमालकीण. ऐंशीच्या पुढची, माझ्या कोपरापर्यंत येणारी, एकटी. मला ती ‘कोक्कु-सान’ म्हणते, म्हणजे आचारीबुवा. मी आलो त्या पहिल्या थंडीत तापाने फणफणलो होतो. तेव्हा तिने मला तांदळाची पेज करून घातली होती, वर एक खारवलेलं लाल फळ ठेवून. फळ इतकं आंबट की ताप घाबरून गेला असावा. तेव्हापासून ती जे सांगेल त्याला मी मान डोलावतो.

पुढचं सगळं रामायण त्या मान डोलावण्यातूनच घडलं.

आजीचं घर चढावर आहे. डांबरी रस्त्यापासून एक अरुंद वाट वर येते आणि तिच्या अंगणात संपते. दर शनिवारी तिला गुडघ्यांसाठी खालच्या दवाखान्यात जावं लागतं. उन्हाळ्यात काठी टेकत जाते. बर्फ पडला की वाट काचेची होते. आतापर्यंत शेजारचा म्हातारा तिला गाडीतून न्यायचा, पण तो शरद ऋतूत आपल्या मुलीकडे राहायला निघून गेला. आजीचा मुलगा योकोहामाला असतो. त्याने फोन केला. आजी फोन नेहमी स्पीकरवर ठेवते, कारण कानाशी धरला की तिला गुदगुल्या होतात.

“आई, बर्फात तुला खाली कोण आणणार?”

“कोक्कु-सान.”

मी शेजारी बसून चहा पीत होतो. माझा उल्लेख आला म्हणून मी मान डोलावली.

“कशातून?”

“तुझ्या बाबांच्या ट्रकमधून.”

मी पुन्हा मान डोलावली. मग मला कळलं मी काय कबूल केलं ते, आणि मी कप खाली ठेवला.

पलीकडे मुलाने कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “ठीक आहे. पहिला मोठा बर्फ पडला की शनिवारी मी येतो. त्यांनी तुला दवाखान्यात नेऊन परत वर आणून दाखवलं, तर एप्रिलपर्यंत इथे राहा. नाहीतर त्याच दिवशी माझ्याबरोबर योकोहामाला चल.”

फोन ठेवल्यावर आजी म्हणाली, “योकोहामाला त्याच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. आणि मुळ्याचं लोणचं घातलं तर लिफ्टमध्ये वास येतो म्हणून लोक चिठ्ठी चिकटवतात.” मग माझ्याकडे बघून, “ट्रक चालवता येतो ना?”

मी मान डोलावली.

ट्रक म्हणजे आपल्याकडच्या छोट्या हत्तीचा धाकटा भाऊ. पांढरा, पिवळ्या नंबरप्लेटचा, दोन माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढा. इंजिन सीटखाली, त्यामुळे बूड भाजतं आणि पाय गारठतात. आजोबा गेल्यापासून तो पत्र्याच्या शेडमध्ये उभा होता. अशा ट्रकला चारही चाकांनी ओढणारं मॉडेलही मिळतं, पण आजोबा काटकसरी. यांच्या ट्रकची फक्त मागची चाकं ढकलतात. आणि मागे तर रिकामा हौदा. वजन सगळं पुढे, जोर सगळा मागे. म्हणजे बर्फावर मागची चाकं जागच्या जागी गरबा खेळणार. त्यात टायर पार गोटा झालेले.

लायसन्स माझ्याकडे होतं, तेही सहजासहजी मिळालेलं नव्हतं. इथे परीक्षेत गाडीत बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची, वाकून खाली बघायचं, मागे कोणी झोपलेलं नाही ना, काही पडलेलं नाही ना, याची खात्री करायची असते. मी थेट दार उघडून बसायचो. परीक्षा घेणारा तिथेच पेन खाली ठेवायचा. शेवटी सरांनी मला हॉटेलच्या टेबलाभोवती फेऱ्या मारायला लावून, टेबलाखाली वाकून बघायची सवय लावली. गिऱ्हाइकं घाबरली, पण मी पास झालो.

टायरचं कळल्यावर सर हरखले. “हे बघ,” ते म्हणाले, “टायर हा भावनेचा विषय नाही. डेटाचा आहे.” त्यांनी फुनाबोरीच्या मित्रांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला. त्या ग्रुपमध्ये कोणाकडेही गाडी नाही, कारण टोकियोत पार्किंग परवडत नाही. त्यामुळे सगळ्यांकडे वेळ होता. दोन दिवसांत एक्सेल शीट तयार झालं. बर्फावरची पकड, ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज, पेट्रोल, रबराचं आयुष्य, हिरवे-पिवळे-लाल रकाने. एकाने तर बर्फाचेही प्रकार पाडले होते. मधूनच कोणीतरी ‘स्टडलेस की चेन?’, म्हणजे बिनखिळ्यांचे बर्फाचे टायर की चाकांना साखळ्या, असं विचारलं आणि त्यावरून दोन गट पडले, एक जण ग्रुप सोडून गेला, त्याला परत घेतलं. सरांनी शीटची प्रिंट काढून मला दिली. पहिल्या नंबरचा टायर खरोखर उत्तम होता. फक्त आमच्या ट्रकच्या चाकाच्या मापात तो कोणी बनवतच नव्हतं.

सर स्वतःच पोट धरून हसले. “जाऊ दे,” म्हणाले. “दुकानात जा आणि तो म्हणेल ते घे.”

दुकान नदीच्या पुलापलीकडे. दुकानदार साठीचा, गोल चष्म्याचा, चेहऱ्यावर रेष न हलणारा. मी घरून एक हिशेब करून गेलो होतो, आणि तो मला फार हुशारीचा वाटत होता: फक्त मागचीच चाकं ढकलतात ना? मग बर्फाचे टायर दोनच घ्यायचे, मागे लावायचे. पुढचे गोटे तसेच. पुढच्यांना काय काम आहे?

मी दोन बोटं दाखवली. त्याने दोन्ही हात छातीपुढे फुलीसारखे धरले. “दामे.” म्हणजे चालणार नाही.

“मागे जोर,” मी माझ्या मोडक्या जपानीत म्हणालो. “पुढे जोर नाही.”

त्याने विचार केला. मग आत गेला आणि एक रबरी बुटांचा जोड आणि एक घरात घालायच्या सपातांचा जोड घेऊन आला. बूट स्वतःच्या पायांत घातले. सपाता दोन्ही हातांत घातल्या. आणि दुकानाच्या ओल्या फरशीवर तो चार पायांवर उभा राहिला.

“मी ट्रक,” तो म्हणाला.

मी मान डोलावली.

त्याने पाय जोरात रेटले आणि टायरच्या ढिगाजवळून उजवीकडे वळायचा प्रयत्न केला. पायांनी ढकललं, हात मात्र वळलेच नाहीत. सपाता सुर्रकन सरळ गेल्या आणि ट्रक तेलाच्या डब्यांच्या मांडणीवर जाऊन आदळला. तो उठला, चष्मा सारखा केला, हातापायांची पादत्राणं बदलली आणि पुन्हा खाली बसला. आता बूट हातांत, सपाता पायांत. वळताना पुढचा भाग छान वळला, पण मागचा भाग एकटाच फिरायला निघाला. ट्रक गोल फिरून माझ्याकडे तोंड करून थांबला.

“कळलं?” ट्रकने विचारलं.

मला कळलं होतं, पण त्या धास्तीमुळे माझं तोंड नेहमीच न कळल्यासारखं दिसतं. त्यामुळे त्याने बूट आणि सपाता माझ्यापुढे ठेवल्या. मग मीही ट्रक झालो. मी बराच जुना ट्रक असल्याने कॉफीच्या मशीनपर्यंत गेलो. तेवढ्यात दार उघडून एक बाई टायरची हवा तपासायला आल्या. दुकानदाराने मान लववून त्यांचं स्वागत केलं आणि गंभीरपणे सांगितलं, “हे गिऱ्हाईक टायर निवडतायत.” बाईंनी मला नमस्कार केला. मी सपाता घातलेल्या हातांनी उलटा नमस्कार केला.

तर चार घ्यायचे ठरलं. आता कुठले? त्याच्याकडे एका कोपऱ्यात वापरलेल्या टायरचा ढीग होता. त्यांची नक्षी चांगली खोल होती आणि माझा डोळा तिकडेच जात होता. आमच्याकडे मामा टायर रिमोल्ड करून करून इतका चालवायचा, की शेवटी मूळ टायर त्यात होता की नाही, सांगता आलं नसतं. दुकानदाराने मला एक जुना आणि एक नवा टायर शेजारी ठेवून दिले आणि अंगठ्याने दाबून दाखवलं. मी दाबलं. मग एकदम माझी भीड चेपली, कारण हे काम माझ्या ओळखीचं होतं. नवा टायर थंडीतही मऊ होता, मुरलेल्या कणकेसारखा. बोट दाबलं की आत जायचं आणि हळूच वर यायचं. जुना म्हणजे शिळी भाकरी. दिसायला गोल, खायला फरशी. थंडीत कडक झालेलं रबर बर्फाला धरत नाही, त्याच्यावरून निसटतं. मी नव्याला चिमटा घेतला, कानाच्या पाळीसारखा ओढून बघितला.

“हा,” मी म्हणालो.

दुकानदाराच्या चेहऱ्यावरची रेष पहिल्यांदाच थोडी हलली. “सगळे नक्षी बघतात,” म्हणाला. “कानाची पाळी कोणी बघत नाही.” मग टायर चढवता चढवता म्हणाला, “टायर वर नेतात. खाली आणायचं काम माणसाचं.”

मी ते वाक्य पाठ करून घेतलं. त्याचा मला काही उपयोग झाला नाही.

सरांनी फोनवर बजावलं होतं, नवे टायर आहेत, लिंबू ठेवल्याशिवाय हलवू नकोस. मी हॉटेलातली चार लिंबं खिशात घालूनच आलो होतो. चाकांखाली एकेक ठेवलं, ट्रक पुढे घेतला, चारही फुटली. दुकानदार उकिडवा बसून ती चिरडलेली लिंबं बघत राहिला. प्रत्येक चाकाखाली रस किती आणि कुठल्या बाजूला उडालाय ते त्याने नीट पाहिलं, मग उठून म्हणाला, “वजन डावी-उजवीकडे सारखं पडतंय. उत्तम पद्धत आहे.” आजही तो तशी तपासणी करत असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

घरी येऊन मी ट्रक अंगणाच्या टोकाला लावला, तोंड खाली उताराकडे करून, म्हणजे बर्फात वळवायची भानगड नको. आता हँडब्रेक. सरांनी सांगितलं होतं, इथे थंडीत हँडब्रेक ओढायचा नाही, गोठून बसतो. इथे गाडीचे वायपरसुद्धा काचेवर ठेवत नाहीत, उभे करून ठेवतात. पहिल्या वर्षी आमच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये पन्नास गाड्या दोन्ही हात वर करून उभ्या दिसल्या तेव्हा मला वाटलं होतं, पोलीस आलेत. तर हँडब्रेक नाही. मग काय, चाळीसगावात जे करतो ते. इकडेतिकडे बघितलं. आजीच्या मागच्या दाराशी, मोरीजवळ, एक दगड पडलेला होता. गुळगुळीत, वाटोळा, मोठ्या कलिंगडाएवढा, दोन्ही हातांत धरल्यावर जड आणि शहाणा वाटेल असा. उचलला आणि मागच्या चाकापुढे, उताराच्या बाजूने सरकवला. पायाने ठोकून बघितला. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि कामावर गेलो. दगड लावायला डोकं लागत नाही, तो हातच लावतो.

त्या रात्री बर्फ सुरू झाला.

सलग पडत राहिला. हॉटेल पायी जवळ, त्यामुळे ट्रक हलवायचं काम पडलं नाही. ट्रकचा आधी पाव झाला, मग केक. मी रोज हौद्यात आणखी बर्फ भरत होतो, कारण इथली लोकं रिकाम्या ट्रकला मागे वजन म्हणून बर्फच भरतात. बर्फात अडकू नये म्हणून गाडीत बर्फ. मी विचार करणं सोडून दिलं आणि फावडं मारत राहिलो. वरून सरांनी मैद्याची पोती पाठवून दिली.

घरात मात्र भलतंच चाललं होतं. आजी काहीतरी शोधत होती.

“कोक्कु-सान, माझा मुळ्याचा दगड पाहिलास?”

मुळ्याचं लोणचं घालताना पिंपात मुळे रचतात, मीठ आणि कोंडा घालतात, वर लाकडी झाकण ठेवतात आणि त्यावर दगड. दगडाने दाबून दाबून मुळ्याचं पाणी सुटतं. आजीचा दगड तिच्या सासूचा होता. लग्न होऊन आली तेव्हापासून दर वर्षी तोच. तिने धुऊन सुकत ठेवला होता, एवढं तिला आठवत होतं. कुठे, ते आठवत नव्हतं.

मीही शोधला, मनापासून शोधला. आपल्याकडे स्वयंपाकाचा दगड म्हणजे पाटा-वरवंटा. त्याची जागा घरात, त्याला हळदकुंकू लागतं. म्हणून मी घरातच शोधत होतो: फडताळात, पायऱ्यांखाली, न्हाणीत, आजोबांच्या फोटोमागेसुद्धा. बाहेर मोरीजवळ पडलेला दगड हा कोणाचा असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या गावात बाहेर पडलेला दगड सगळ्यांचा असतो.

दगडाअभावी मी माझा मोठा कुकर पाण्याने भरून झाकणावर ठेवून दिला. आजी त्याच्याकडे संशयाने बघायची. “हा शिट्टी मारणार नाही ना?”

“नाही हो, आजी. गॅसवर नाहीये तो.”

“मुळे पाणी सोडत नाहीयेत. त्यांना कळतंय, हा आपला दगड नाही.”

आणि मग मुलाचा फोन आला, स्पीकरवर. आजीने त्याला सांगून टाकलं की दगड सापडत नाही.

“आई, एवढा मोठा दगड हरवला?”

“हरवला नाही. सापडत नाहीये.”

“चष्मा हरवतो, किल्ली हरवते. दगड कसा हरवतो, आई?” त्याचा आवाज मऊ झाला होता, आणि मऊ झाला म्हणूनच मला भीती वाटली. “मी या शनिवारी येतोय. एक बॅग भरून ठेव, नुसती असू दे.”

आजीने फोन बंद केला आणि कुकरकडे बघत बसली. म्हणाली, “कोक्कु-सान, माणूस विसरायला लागला की त्याला स्वतःला कळतं का रे?”

मी तिला चहा करून दिला, आलं घालून. रात्री अंथरुणावर पडून मी दुकानदाराच्या मऊ रबराला मनातल्या मनात साकडं घातलं. दगडाचं माझ्या हातात काही नव्हतं. टायरचं होतं.

शनिवार उजाडला तो लख्ख. मुलगा खालच्या रस्त्यावर टॅक्सीतून उतरला आणि शहरी बुटांनी वाट चढायला लागला. पंचावन्नचा असेल, लांब कोट, हातात मिठाईचा बॉक्स. दोन पावलं वर, एक खाली. शेवटचा टप्पा त्याने कुंपण धरून, एका हाताने बॉक्स सांभाळत पार केला. आला तो आधी मला मान लववून म्हणाला, “आईची खूप काळजी घेता, आभारी आहे.” मी त्याच्याहून खाली वाकलो. तो आणखी वाकला. सर फावडं घेऊन आलेले होते, ते म्हणाले, “अरे, पुरे. बर्फ वितळेल.”

ठरलं असं: आधी मी आणि मुलगा ट्रकमधून खाली जाऊन वर यायचं. जमलं, तर मग आजी बसेल. आजी दारात उभी, डोक्याला रुमाल, हातात काठी. तिच्या मागे भरलेली बॅग दिसत होती.

ट्रक साफ केला, इंजिन चालू केलं. आवाज चांगला. वर चढायचं नंतर होतं, आधी नुसतं खाली जायचं होतं. उतार समोर पसरलेला. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

मागची चाकं फिरली. ट्रक जागचा हलला नाही.

पुन्हा. चाकं भुर्रर्र. मागे बर्फाचं कारंजं उडालं, सरांच्या चष्म्यावर. ट्रक तसूभर पुढे झुकला आणि परत मागे बसला.

“कोक्कु-सान,” मुलगा सौम्यपणे म्हणाला, “आपल्याला खाली जायचं आहे ना?”

“हो.”

“आणि समोर उतार आहे.”

“हो.”

आम्ही दोघं समोरच्या उताराकडे बघत बसलो. खाली लोळत जायला जिथे टायरही लागत नाहीत, तिथे माझा ट्रक निघायला तयार नव्हता. सर खिडकीशी आले. काच पुसत, अगदी गंभीर आवाजात मला मराठीत म्हणाले, “मला वाटतं ग्रिप जास्त झाली.”

“जास्त कशी होईल, सर?”

“अरे, शीटमध्ये तसा रकानाच नव्हता ना.”

मी आणखी दोनदा प्रयत्न केला. जळक्या रबराचा वास यायला लागला, आणि त्या वासाबरोबर मला दिसायला लागलं सगळं: आजी योकोहामात, अकराव्या मजल्यावर, दुसऱ्यांच्या खिडक्या बघत. मुलगा दार उघडून खाली उतरला. कोट झटकला आणि आईला म्हणाला, “आई, बॅग कुठे आहे?”

आजी आत गेली. मला वाटलं, बॅग आणायला गेली. ती बाहेर आली ती वाफाळती किटली घेऊन.

“चाक गोठलंय,” म्हणाली. “तुझे बाबाही असंच करायचे.” आणि मुलाने अडवायच्या आत तिने वाकून मागच्या चाकापुढे गरम पाण्याची धार धरली.

बर्फ खाली बसला. त्यातून एक करडं, गुळगुळीत डोकं वर आलं.

आजी थांबली. किटली तशीच वाकडी. मग ती गुडघे विसरून चक्क खाली बसली आणि तिने त्या डोक्यावरून हात फिरवला, नातवंडाच्या फिरवावा तसा.

“आरा,” ती म्हणाली, म्हणजे अगंबाई. “हा इथे आहे होय.”

मी गिअर काढून ट्रकमधून उतरलो. “मी,” मी म्हणालो. “मी लावला. हँडब्रेक... गोठतो. आमच्याकडे दगड...” पुढचं जपानी संपलं. मी हातांनी चाक, दगड, चाळीसगाव असं सगळं करून दाखवलं.

आजी माझ्याकडे बघतच नव्हती. ती मुलाकडे वळली. उठून उभी राहिली, होती त्याहून उंच झाल्यासारखी. “बघ,” म्हणाली. “हरवला नव्हता. याला कामाला लावलं होतं.”

मुलाने दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कुकर ज्या पिंपावर होता त्या पडवीकडे. त्याचा चेहरा कुठल्या बाजूला वळणार, ते त्यालाही कळत नव्हतं. मग तो लांब कोटासकट बर्फात गुडघ्यावर बसला आणि दगड ओढायला लागला. दगड जमिनीला गोठलेला. मी हॉटेलातून आणलेली तंदूरची सळई घेऊन आलो, सरांनी फावडं लावलं. मी टोचतोय, सर उचकटतायत, मुलगा ओढतोय, आजी किटलीने धार धरतेय. “डावीकडून, डावीकडून,” आजी. “सर, माझा पाय,” मी. आणि फट्कन दगड सुटला. मुलगा दगड पोटाशी घेऊन मागे पडला.

आणि ट्रक चालायला लागला.

न्यूट्रलमध्ये होता, दगड हीच त्याची एकमेव अडचण होती. गणपती निघावा तसा सावकाश, मानाने, बर्फ आणि मैदा घेऊन, तो एकटाच उतरायला लागला. “अरे, अरे, अरे!” सर ओरडले. मी धावलो, घसरलो, उठलो, दाराला लटकलो, आत पडलो आणि दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो.

ट्रक थांबला. उताराच्या बरोबर मध्यावर, सरळ, एक बोटही न घसरता. खिळा ठोकल्यासारखा. चारही टायरनी बर्फ धरून ठेवला होता.

वरून मुलाचा आवाज आला. तो अजून दगडासकट बर्फातच बसलेला होता.

“टायर चांगले आहेत,” तो म्हणाला.

मी खाली रस्त्यावर जाऊन वळलो आणि वर आलो. मागे मैदा आणि बर्फ दाबत होते, टायर कणकेसारखे बर्फाला चिकटत होते, माझे ओठ काय पुटपुटत होते मला आठवत नाही. अंगणात आलो तेव्हा आजी तयार होती. आत बसली आणि म्हणाली, “दगड दे.”

“आई, दवाखान्यात दगड कशाला?”

“इथे ठेवला तर कोणीतरी कशाला तरी लावेल.”

दगड मांडीवर घेऊन ती दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सने तो ठेवायला वेगळी खुर्ची दिली. परत येताना आजीने वाटेतली प्रत्येक ओळखीची खूण मला मोठ्याने सांगितली, मुद्दाम, म्हणजे घरी जाऊन मी मुलाला सांगावं की तिला सगळं आठवतं. मी सांगितलं. तो ऐकत होता आणि कुकरखालचा मुळा खात होता, जो काही नीट झालेला नव्हता. तोंड वाकडं न करता त्याने तो सगळा संपवला. मग बॅग उघडली, आईचे कपडे काढून पुन्हा फडताळात ठेवले, नीट घड्या मोडू न देता.

“एप्रिलपर्यंत,” तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात योकोहामाहून माझ्या नावाने पार्सल आलं. आत चाकांना लावायच्या दोन पिवळ्या प्लॅस्टिकच्या पाचरी, दोरी बांधलेल्या. दोरीचं दुसरं टोक स्टिअरिंगला बांधायचं, म्हणजे विसरणार नाही, असं चित्र काढून समजावलेलं. मी रोज बांधतो. आता तर गाडीभोवती फेरीही मारतो, वाकून खाली बघतो. तंदूर पेटवण्याआधीसुद्धा एकदा वाकून बघतो, पाठ आपोआप वाकते.

दगडावर टायरची नक्षी उमटली आहे, काळी. मी काथ्याने घासली, मिठाने घासली, गेली नाही. आजीने ती बाजू वर करून ठेवली आहे, म्हणजे मुळ्याला लागणार नाही. बर्फ अजून पडतोच आहे. दर शनिवारी आम्ही दवाखान्यातून परत आलो की मुलाचा फोन येतो, स्पीकरवर, आणि तो आधी हेच विचारतो.

“आई, दगड कुठे आहे?”

“मुळ्यावर.”

मग तो तिच्या गुडघ्यांचं विचारतो.